चेक घरूनच जमा करायचा स्वस्त मार्ग कोणता? (सत्तरी तालुका, गोवा)

सत्तरीकर:
आईचं बचत खातं एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या फोंडा शाखेत आहे आणि घर वाळपईच्या पुढे आतल्या गावात. तिचं वय ७३, बसने जा-ये आता झेपत नाही. चेक मात्र येत राहतात: सुपारी-काजू घेणाऱ्या व्यापाऱ्याचे, जुन्या शेअरवरचे लाभांश वॉरंट, आणि आता अमेरिकेहून तिच्या नावाचा डॉलरमधला एक. बँकेच्या अ‍ॅपमध्ये फोटो काढून चेक जमा करायची सोय दिसत नाही. फोनवर दोन-तीन अनोळखी अ‍ॅप ‘घरबसल्या चेक जमा’ म्हणतात, ती वापरावी का? कमीत कमी खर्चाचा आणि भरवशाचा मार्ग सांगा.

शिक्का_आणि_पावती:
आधी त्या अ‍ॅपचं. अजिबात वापरू नका. चेकच्या एका फोटोत देणाऱ्याचा खाते क्रमांक, चेक क्रमांक, खालची एमआयसीआर ओळ (मशीन वाचतं ते आकडे) आणि सही हे सगळं येतं. नकली चेक छापायला एवढंच लागतं. व्यापाऱ्याचं खातं धोक्यात येईल आणि ते तुमच्या फोनवरून.

बँकेच्या अ‍ॅपमध्ये सोय नाही याचं कारण कायद्यात आहे. चलनक्षम दस्तऐवज कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली तेव्हा चेकची प्रतिमा काढून कागद तिथेच थांबवण्याचा अधिकार क्लिअरिंग हाऊसला (बँकांमधले चेक वटवणारी यंत्रणा) आणि बँकेला दिला, खातेदाराला नाही. चेक खरा आहे की नाही हे प्रथमदर्शनी पाहण्याची जबाबदारीही जमा करून घेणाऱ्या बँकेचीच. कागदातला ‘सीटीएस-इंडिया’ (सीटीएस म्हणजे प्रतिमेवरून चेक वटवायची पद्धत) हा जलचिन्हाचा शब्द उजेडात धरून बघायचा असतो, बँकेचं चिन्ह अतिनील दिव्याखाली दिसतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याला यातलं काही जमत नाही. म्हणून साध्या बचत खात्याच्या चेकचा कागद बँकेच्या स्कॅनरपर्यंत पोचवावाच लागतो.

पण तिथपर्यंत पोचला की पुढे वेळ लागत नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक गठ्ठ्याने न जाता दिवसभर एकेक करून पुढे जातात. ज्या बँकेवर चेक काढलाय तिने त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत होय-नाही कळवायचं, गप्प राहिली तर चेक मंजूर धरला जातो. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न गाव ते स्कॅनर एवढ्याच अंतराचा आहे.

आणि तो स्कॅनर फोंड्याचाच असायला हवा असं नाही. त्याच बँकेची वाळपईला, डिचोलीला, कुठेही शाखा असेल तर तिथे चेक टाकता येतो. खातेदाराने स्वतः जायचीही गरज नाही. चेक ‘अकाउंट पेयी’ क्रॉस केलेला (कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा आणि हे शब्द) असला की तो फक्त आईच्याच खात्यात जाऊ शकतो, त्यामुळे कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याकडे निर्धास्त द्या. हा मार्ग फुकट आहे, तोच आधी बघा.

काउंटर_तीन:
वय ७३ म्हणजे तुमच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. ७० वर्षांवरील आणि आजारी किंवा अपंग खातेदारांना घरी सेवा द्या, असा रिझर्व्ह बँकेचा ९ नोव्हेंबर २०१७ चा आदेश आहे. चेक घरून नेऊन पावती देणं त्यात स्पष्ट लिहिलंय. शाखेत या वयोगटासाठी नोंदणीचा अर्ज मागा. केवायसी अद्ययावत आणि मोबाइल क्रमांक खात्याला जोडलेला हवा.

अट बघा मात्र. स्टेट बँकेत शाखेकडून मिळणाऱ्या या सेवेला शाखेपासून ५ किलोमीटरची मर्यादा आहे. तुमची बँक कुठली ते लिहिलं नाहीत, पण वाळपईपलीकडचं घर फोंडा शाखेच्या अशा मर्यादेत बसणार नाही. खातं जवळच्या शाखेत हलवून घ्या. बदली फुकट होते आणि खाते क्रमांक बहुतेक बँकांत तोच राहतो. आयएफएससी (शाखेचा कोड) मात्र बदलतो, तो पेन्शन किंवा लाभांश जिथे जिथे दिलाय तिथे कळवायला विसरू नका.

दुसरी सोय सरकारी बँकांनी मिळून चालवलेली, पीएसबी अलायन्सची डोअरस्टेप सेवा. तिला वयाची अट नाही. प्रत्येक फेरीला ७५ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८८ रुपये ५० पैसे. आधी अ‍ॅपवर पिनकोड टाकून सेवा पोचते का बघा, कारण गोव्याच्या आतल्या गावांत ती सगळीकडे नाही. मिळाली तर असं करा: सगळे चेक आणि प्रत्येकाची जमा स्लिप एकाच पाकिटात घालून एकच फेरी मागवा. एका प्रकारचे कितीही कागद एका विनंतीत चालतात. चेकसोबत व्याजावर कर कापू नये म्हणून द्यायचा फॉर्म मात्र त्याच विनंतीत घालू नका, प्रकार बदलला की विनंती वेगळी धरतात. माणूस आला की आधी त्याच्याकडचा सांकेतिक क्रमांक तुमच्या मोबाइलवर आलेल्याशी जुळवा, पाकीट त्याच्यासमोर बंद करा, पोच घ्या, मगच हातात द्या.

दोन-तीन चेक साठवून महिन्यातून एकदा बोलावलंत तर चेकमागे तीस ते पंचेचाळीस रुपये पडतात. एकेका चेकला बोलावणं परवडणारं नाही.

टपालाने_पाठवा:
डोअरस्टेप पोचत नसेल तर स्पीड पोस्ट. रजिस्टर्ड पोस्ट आता त्यातच विलीन झालंय. १ ऑक्टोबर २०२५ च्या दरानुसार ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक हद्दीत १९ रुपये आणि बाहेर ४७, वर जीएसटी. वाळपई ते फोंडा बाहेरचा दर लागेल, म्हणजे साधारण ५५ रुपये. आणखी ५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी दिला की नोंदणी होते, मग पत्र ज्याच्या नावाने त्याच्याच हाती पडतं. चेकसाठी हे पाच रुपये घालाच.

पाकिटात काय घालायचं ते नीट लिहितो, कारण चेक हरवण्यापेक्षा तो निष्काळजीपणामुळे परत येणंच जास्त होतं:

चेकच्या मागे वरच्या बाजूला आईचं नाव, खाते क्रमांक, मोबाइल. खालच्या पांढऱ्या पट्टीवर पुढून किंवा मागून काहीही लिहायचं नाही, मशीन तीच वाचतं. स्टेपलर, टाचणी, सेलोटेप नको. घडी घालू नका, चेकच्या लांबीचं पाकीट घ्या. पावसाळ्यात पाकिटाच्या आत प्लास्टिकची पिशवी हवीच. ओल लागून शाई पसरली की प्रतिमा काळी येते आणि चेक ‘पुन्हा सादर करा’ म्हणून परत येतो. चेक पांढऱ्या जाड कागदात ठेवा, बाहेरून उजेडात धरला तर दिसता कामा नये. जमा स्लिपचे दोन्ही भाग भरा आणि परतीच्या पत्त्याचं तिकीट लावलेलं पाकीटही आत टाका, म्हणजे शिक्का मारलेला भाग परत येईल. पाठवण्याआधी चेकच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून स्वतःच्या फोनमध्येच ठेवा. तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचा नाही.

चेक तारखेपासून ३ महिनेच चालतो. शेवटचे दोन आठवडे उरले असतील तर टपालाच्या भरवशावर राहू नका, कोणाच्या तरी हाती पाठवा. ३ आणि १९ डिसेंबरला गोव्यातल्या शाखा बंद असतात, चतुर्थीतही सुट्टी जोडून येते, तेही मोजा.

शेजाऱ्याने ड्रॉप बॉक्समध्ये टाकला तर पावती मिळत नाही. काउंटरवर दिला तर शिक्का द्यायला कोणतीही शाखा नाही म्हणू शकत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. ई-लॉबीत (शाखेबाहेरच्या यंत्रांच्या खोलीत) चेक जमा करायचं यंत्र असेल तर ते त्याहून बरं: बँक बंद असतानाही चालतं आणि पावतीवर चेकची प्रतिमा छापून देतं.

शिक्का_आणि_पावती:
@टपालाने_पाठवा यांच्या यादीत एक भर. चेक ५० हजार किंवा जास्तीचा असेल तर व्यापाऱ्याला ‘पॉझिटिव्ह पे’मध्ये नोंद करायला सांगा. चेक क्रमांक, तारीख, नाव, रक्कम त्याने आपल्या बँकेला आधी कळवायची. ५ लाखांच्या वर बऱ्याच बँकांनी हे सक्तीचं केलंय, नोंद नसली की चेक तसाच परत. आणि खाडाखोड असलेला चेक घेऊच नका. नाव किंवा रक्कम खोडून शेजारी सही केलेली पूर्वी चालायची, सीटीएसमध्ये चालत नाही.

मोपा_ते_मडगाव:
सगळ्यांनी चेक कसा न्यायचा ते सांगितलं. माझं म्हणणं, तीनपैकी दोन प्रकारचे चेक येणंच बंद करता येतील.

व्यापारी: एनईएफटी (एका बँकेतून दुसरीत थेट पैसे पाठवायची सोय) १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालतं आणि १ जानेवारी २०२० पासून बचत खात्यावरून ऑनलाइन केलं तर शुल्क नाही. चालू खात्यावरून त्याला थोडे रुपये पडतील, ते तुम्ही सोसलेत तरी डोअरस्टेपपेक्षा स्वस्त. त्याला आईचा खाते क्रमांक आणि आयएफएससी एका कागदावर लिहून द्या.

लाभांश: कागदी शेअर असतील आणि केवायसी अपूर्ण असेल तर १ एप्रिल २०२४ पासून वॉरंट येतच नाही, पैसे अडकून राहतात. तुम्हाला वॉरंट येतंय याचा अर्थ बहुधा शेअर डीमॅटमध्ये (इलेक्ट्रॉनिक खात्यात) आहेत आणि तिथला बँक तपशील जुना आहे. गोव्यात हे फार घरांत झालंय, कारण १ एप्रिल २०२० ला कॉर्पोरेशन बँक युनियनमध्ये आणि सिंडिकेट कॅनरात गेली व नंतर जुने आयएफएससी बंद झाले. डीमॅट जिथे आहे तिथे बँक बदलाचा अर्ज आणि नाव छापलेला रद्द चेक द्या. कागदी शेअर निघाले तर कंपनीच्या निबंधकाकडे (भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) आयएसआर-१ हा केवायसी आणि बँक तपशिलाचा फॉर्म. सात वर्षं न उचललेला लाभांश सरकारी निधीत जातो आणि तो परत मिळवणं मोठं काम आहे, म्हणून जुनी वॉरंटही शोधून काढा.

अमेरिकेचा चेक: मोबाइलने फोटो काढून चेक जमा करण्याच्या ज्या गोष्टी इंटरनेटवर वाचायला मिळतात त्या मुख्यतः तिथल्याच. २८ ऑक्टोबर २००४ ला लागू झालेल्या कायद्याने तिकडे प्रतिमेला वाट मिळाली. पण त्यासाठी आईचं खातं अमेरिकन बँकेत हवं. इथल्या बँकेत डॉलरचा चेक वसुलीसाठी बाहेर पाठवतात, त्यात आठवडे जातात, दोन्हीकडच्या बँका शुल्क कापतात. छोटी रक्कम असेल तर त्यातली बरीच तिथेच संपते. चेक पाठवणाऱ्याला परत करा आणि पैसे थेट खात्यात पाठवायला सांगा. तिकडच्या नातेवाइकाने आपल्या अ‍ॅपमधून तो जमा करू नये. दुसऱ्याच्या नावाचा चेक मोबाइलवरून बहुतेक अमेरिकन बँका नाकारतात.

सत्तरीकर:
खूप उपयोग झाला. व्यापाऱ्याशी बोलतो. दोन शंका. गावच्या पतसंस्थेत आईचं खातं आहे, तिथे चेक देता येईल का? आणि वॉरंटवर आईचं आडनाव जुन्या पोर्तुगीज स्पेलिंगने आहे, खात्यावर नवं.

काउंटर_तीन:
पतसंस्थेचं: नियमाने ‘अकाउंट पेयी’ चेक दुसऱ्याच्या खात्यात घेता येत नाही, पण सहकारी पतसंस्थांना सवलत आहे. सभासदाच्या नावाचा ५० हजारांपर्यंतचा चेक बँक पतसंस्थेच्या खात्यात वसूल करू शकते. त्यासाठी संस्थेने बँकेला लेखी हमी दिलेली असावी लागते. सचिवांना एवढंच विचारा: ‘आपल्या बँकेशी अकाउंट पेयी चेक वसुलीची व्यवस्था आहे का?’ असेल तर तुमच्यासाठी हाच सगळ्यात जवळचा स्कॅनर. नसेल तर तिथे चेक ठेवून येऊ नका, दिवस फुकट जातील.

आडनावाचं: कामत-कामोतीम, शेणवी-सिनाय असा फरक गोव्यातल्या शाखांना नवा नाही, पण काउंटरवरचा माणूस बाहेरचा असला तर अडवतो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून शाखेत एकदाच द्या आणि खात्याला नोंद करून घ्या. टपालाने पाठवताना त्याची प्रत वॉरंटसोबत घाला. कायमचा उपाय डीमॅटमधलं नाव दुरुस्त करणं. बँक बदलाचा अर्ज देणारच आहात तर त्याच दिवशी तोही द्या, नाहीतर नाव जुळत नाही म्हणून पहिला अर्जही परत येईल.