अनुभव धागा: नवी साधनं शिकताना ग्रंथपालांची उडालेली तारांबळ

माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या सहकारी मुलीने गेल्या आठवड्यात मला एकच गोष्ट तिसऱ्यांदा शिकवली. तिसऱ्यांदाही मी "हो हो, आलं लक्षात" म्हणाले. आलं नव्हतं. दुसऱ्या ग्रंथालयाने केलेली पुस्तकाची नोंद ऑनलाइन शोधून आपल्या तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकसूचीत, उतरवून घ्यायची, एवढंच काम. नोंद उतरते, सेव्हही होते. पण मग शोधलं की पुस्तकापुढे 'एकही प्रत नाही'. पुस्तक माझ्या हातात असतं हो! तिची बोटं इतकी भरभर चालतात की मधली पायरी मला दिसतच नाही, आणि चौथ्यांदा विचारायची लाज वाटते.

2006 साली अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी '23 गोष्टी' नावाचा उपक्रम केला होता. वर्ग नाही, परीक्षा नाही. ब्लॉग, फोटो, विकी अशा 23 छोट्या गोष्टी ज्याने त्याने आपल्या सवडीने करून बघायच्या. पूर्ण करणाऱ्याला एमपी-थ्री प्लेअर. आम्हीही हौसेने त्याची नक्कल केली. बक्षीस नव्हतं, त्यामुळे गाडी नवव्या गोष्टीवर थांबली ती थांबलीच.

तर मंडळी, तुम्ही कसे शिकलात ते लिहा. फजिती आधी, फुशारकी नंतर.

शालेय ग्रंथपाल

फजितीच सांगतो. आमची सगळी यादी एका ऑनलाइन तक्त्यात होती: दाखल क्रमांक (आलेल्या प्रत्येक प्रतीचा), शीर्षक, लेखक, वर्गांक (विषयानुसार दिलेला), कपाट. साडेचार हजार ओळी. मला शीर्षकं अकारविल्हे हवी होती. शीर्षकाचा रकाना निवडला आणि क्रम लावला. फक्त तोच रकाना हलला, बाकीचे जागच्या जागी! क्षणात प्रत्येक पुस्तक भलत्याच लेखकाच्या नावावर गेलं. बालकवितांचा वर्गांक भूमितीला, भूमितीचं कपाट चरित्रांना. यादी दिसायला मात्र इतकी व्यवस्थित की मला शंकासुद्धा आली नाही. वर दोन दिवस मी तिच्यात नव्या नोंदी भरत राहिलो.

एका सातवीतल्या मुलीने विचारलं, "सर, हे पुस्तक यांनी कधी लिहिलं?" तेव्हा पोटात गोळा आला. तक्त्याला आवृत्त्यांचा इतिहास असतो हे मला तिच्याच वर्गातल्या एका मुलाने दाखवलं. दोन दिवसांपूर्वीची आवृत्ती परत आणली. मधल्या नोंदी गेल्या, त्या दाखल नोंदवहीतून पुन्हा भरल्या. कागदी नोंदवही बंद करा म्हणून मीच वर्षभर ओरडत होतो, हे इथे नाइलाजाने कबूल करतो.

एक वाचक-सभासद (परवानगी असेल तर)

आमच्या ग्रंथपाल ताई पहिल्यांदा ऑनलाइन व्याख्यान घेत होत्या. पंधरा मिनिटं आवाज बंद. आम्ही सगळे हात हलवून खुणा करत होतो, आणि त्या हसून आम्हाला हात हलवत होत्या.

महाविद्यालयीन ग्रंथालय, तालिकीकरण विभाग

तक्त्यांवरून आठवलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तक्त्यात टाकण्याआधी तो रकाना 'मजकूर' करून घ्या. नाहीतर तेरा आकड्यांचं होतं 9.78 आणि पुढे काहीतरी, आणि जुन्या दहा आकडी क्रमांकांचं सुरुवातीचं शून्य गायब होतं. 2007 पासून आयएसबीएन तेरा आकडी झाला, पण कपाटातली पुस्तकं त्याआधीचीही असतात. शिवाय दहा आकडीत शेवटी कधीकधी 'एक्स' येतो. ती छपाईची चूक समजून एकाने नेमाने खोडला होता. (मीच.)

मराठी विभाग सांभाळणारी

आमचं दुखणं वेगळं. जुन्या नोंदी पूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. पडद्यावर देवनागरी दिसायची, पण आत होती रोमन अक्षरं आणि चिन्हं. नव्या प्रणालीत चढवल्यावर खरं रूप बाहेर आलं. रूपांतर करणारं साधन मिळालं. मात्र पूर्वी आपण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायचो आणि युनिकोडमध्ये, म्हणजे आताच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, ती अक्षरानंतर साठवली जाते. त्यामुळे वेलांट्या शेजारच्या अक्षरावर, रफार तिसऱ्याच घरी. तीन महिने मी फक्त वेलांट्या उचलून जागेवर ठेवत होते.

ते संपलं म्हणेपर्यंत शोधाचं सुरू झालं. 'ग्रंथ' शोधलं की 'ग्रन्थ' सापडत नाही, एवढं कळण्यासारखं होतं. पण 'ॲ' दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक अखंड अक्षर, आणि दुसरा 'अ'वर चंद्र ठेवून. डोळ्यांना दोन्ही एकच, यंत्राला दोन वेगळे. 'ॲरिस्टॉटल'ची निम्मी पुस्तकं शोधात का येत नाहीत, याचा छडा लावायला मला दीड दिवस लागला. त्या दिवशी शाळेतल्या शुद्धलेखनाच्या बाईंची फार आठवण झाली. यंत्र त्यांच्याहून कडक आहे.

देवघेव टेबल

बारकोड वाचणारं यंत्र म्हणजे संगणकाच्या दृष्टीने फक्त एक कळफलक, आणि आकडे टाइप करून ते बहुधा शेवटी एंटरही दाबतं. हे कळेपर्यंत माझे अर्धवट भरलेले फॉर्म आपोआप जमा होत होते आणि मी यंत्राला भूतबाधा झाली समजत होतो.

संशोधन संस्थेतली ग्रंथपाल

मी आरएसएस, म्हणजे संकेतस्थळांवरचं नवं काही आपोआप आपल्याकडे आणणारी सोय, मन लावून शिकले होते. नियतकालिकांचे नवे अंक एका जागी यायचे, प्राध्यापक खूश. मग 1 जुलै 2013 ला हे सगळं दाखवणारं गूगल रीडर बंद झालं. त्याआधी यादी फाइलमध्ये उतरवून घ्या असं सांगणारं कोणीतरी भेटलं म्हणून वाचले. दुसऱ्या साधनात ती फाइल चढवायला दहा मिनिटं लागली. तेव्हापासून कुठल्याही नव्या साधनात आधी बाहेर पडायचं दार शोधते: माझी माहिती परत मिळेल का, आणि कुठल्या स्वरूपात? विक्रेत्याला हाच प्रश्न पहिला विचारला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

हल्लीचा त्रास म्हणजे संभाषण करणारी एआय साधनं. एक विद्यार्थी बारा संदर्भांची यादी घेऊन आला, सगळे देखणे. चार सापडले. तिघांचे लेखक खरे, पण ती पुस्तकं त्यांनी लिहिलेलीच नाहीत. एका डीओआयवर (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) भलताच लेख उघडला. बाकीच्यांचा कुठेच पत्ता नाही. माझे दोन तास गेले. पण 'पुस्तक नाही' आणि 'पुस्तक आमच्याकडे नाही' यांतला फरक सिद्ध करायचा कसा, हे त्या मुलाला शेजारी बसवून दाखवता आलं.

निवृत्त

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा पाचवा नियम, ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पासवर्डांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

धागाकर्त्या ताई, तुमच्या 'एकही प्रत नाही'बद्दल. आम्ही 'कोहा' ही ग्रंथालयाची संगणकप्रणाली वापरायचो, त्यात तरी असं होतं: तुम्ही उतरवता ती पुस्तकाची नोंद, म्हणजे शीर्षक, लेखक, विषय. ती जगातल्या सगळ्या प्रतींना सारखी. तुमच्या हातातली प्रत प्रणालीला अजून माहीतच नाही. नोंद सेव्ह केल्यावर 'प्रत जोडा'मध्ये जाऊन तिचा बारकोड, दाखल क्रमांक आणि जागा वेगळी भरायची.

धागाकर्ती

थांबा. म्हणजे पुस्तकाचं तालिकापत्र वेगळं आणि प्रतींची दाखल नोंदवही वेगळी! तीस वर्षं तेच करतेय की मी. असं का नाही सांगितलं कोणी?

आत्ताच करून बघितलं. प्रती: 1.