पांढरी भिंत आणि कॅमेऱ्याचा मीटर

छायाचित्रण शिकणाऱ्या नवशिक्याने पहिल्या दिवसापासून मॅन्युअल मोडच (ज्यात भिंगाचे छिद्र आणि शटरचा वेग दोन्ही स्वतः ठरवावे लागतात) वापरावा, हे मत मला पटत नाही. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ज्यात छिद्र आपण ठरवतो आणि शटरचा वेग कॅमेरा) राहून मीटर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाशमापक, कुठे फसतो हे आधी ओळखणे अधिक उपयोगाचे आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे मीटर गृहीत धरतो, त्यामुळे जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलची पांढरी दर्शनी भिंत चौकटभर घेतली की ती मळकट उमटते आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला प्रकाश कमी-जास्त करण्याची सोय) साधारण १ स्टॉपने, म्हणजे प्रकाश दुप्पट होईल इतके, वाढवावे लागते, तर रस्त्यापलीकडच्या बॉम जेझू चर्चच्या गिलावा नसलेल्या जांभ्या दगडाला सहसा एवढी भरपाई लागत नाही. चौकटीविषयी एवढेच, की अशा उंच इमारतींसमोर कॅमेरा वर कलवण्याऐवजी शक्य तितके मागे सरकावे, म्हणजे उभ्या रेषा एकमेकींकडे झुकत नाहीत.