उत्तर: एपिड्युरल मागितलं की सिझर?

"एपिड्युरल घेतलं की सिझर ठरलेलंच, त्यापेक्षा कळा सोसाव्यात" हे वर लिहिलंय ते काही पटलं नाही. एपिड्युरल म्हणजे कळांचं दुखणं कमी व्हावं म्हणून पाठीच्या कण्याजवळ बारीक नळीतून दिलेलं भुलीचं औषध, आणि त्याच्या हल्लीच्या कमी डोसने सिझरचं प्रमाण वाढत नाही, आणि डब्ल्यूएचओच्या २०१८च्या शिफारशींतही बाई निरोगी असेल आणि मागत असेल तर द्या असंच आहे. खरी अडचण वेगळीच, छोट्या नर्सिंग होममधे भूलतज्ज्ञ बाहेरून येतात, त्यामुळे रात्री दोनला मागून वेळेत मिळेलच असं नाही, आठव्या महिन्यातच विचारून ठेवा. वहिनीच्या वेळी ते यायला उशीर झाला, तोवर मी माकडहाडाच्या जरा वर तळहाताने जोरात दाबून धरत होते, प्रत्येक कळेला ती "अजून दाब" म्हणायची. पण "थोडं सहन कर गं" म्हणणाऱ्या मावशींना आधी बाहेर पाठवा!