केमो चालू असलेल्या आईला बुरशी आलेल्या घरात आणावं का? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या आईला (वय ६१) रक्ताचा कर्करोग आहे, एएमएल. पहिली केमो झाली, पुढच्या आठवड्यात डिस्चार्ज मिळेल असं म्हणताहेत. रक्तातल्या पेशींचे काउंट आता कुठे वर येऊ लागलेत आणि पुढच्या केमोनंतर ते पुन्हा उतरणारच.

अडचण घराची आहे. आम्ही डोंबिवलीत जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. आईच्या खोलीची पश्चिमेची भिंत पावसाळाभर ओली असते. तिची खोली लावायला घेतली आणि कपाट पुढे ओढलं, तर मागे जमिनीपासून कमरेपर्यंत काळपट-हिरवी बुरशी. कपाटाच्या प्लायवरही पांढरी लव धरलीय, आतल्या गोधड्यांना कुबट वास येतोय. सोसायटी म्हणते वॉटरप्रूफिंग पाऊस थांबल्यावरच. पेंटर म्हणतो, "खरवडून पुट्टी मारतो, गणपतीच्या आधी खोली नवी दिसेल." बाबांना ते पटलंय. मला मात्र धास्ती वाटते. २०२१ साली काळ्या बुरशीने ओळखीतल्या एकांचा डोळा गेला, ते विसरता येत नाही.

भिंत आत्ता खरवडावी की तशीच ठेवावी? नुसत्या ब्लीचने भागेल का? ही कोणती बुरशी आहे ते तपासून घ्यावं का? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण राउंडला दोन मिनिटं मिळतात, म्हणून नेमके प्रश्न हाताशी हवेत.

कोकणवारा

ताई, आई घरात असताना भिंतीला हात लावू देऊ नका, एवढं बाबांना आधी पटवा. माझ्या मिस्टरांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. शेजारच्या फ्लॅटमध्ये तोडफोड सुरू झाली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी त्यांना काही दिवस दुसरीकडे राहायला सांगितलं होतं. आम्ही दिरांकडे राहिलो. तुमच्याकडे मामा-मावशी कोणी कोरड्या घरात राहत असतील तर आईला थेट तिथेच न्या. खोलीतल्या कुंड्याही हलवा, ओल्या मातीत बुरशी असतेच. गणपतीत हार-फुलं, निर्माल्य तिच्या खोलीत नको आणि दर्शनाला येणाऱ्यांची गर्दी तर नकोच.

सूक्ष्मदर्शक

मी मायक्रोबायोलॉजीत काम करते. २०२१ ची काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तीच, असं नसतं आणि रंगावरून काही ठरतही नाही. केमोच्या रुग्णात आम्हाला जास्त धाक असतो तो अॅस्परजिलस नावाच्या बुरशीचा. त्याचे बीजाणू २-३ मायक्रॉनचे, श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. ते सगळ्यांच्याच श्वासात जातात, पण निरोगी माणसाच्या पेशी त्यांचा निकाल लावतात. न्यूट्रोफिल (या लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली गेले आणि बरेच दिवस तिथेच राहिले, की हा पहारा उठतो. तिथून फुप्फुसात बुरशी रुजू शकते आणि तो आजार जिवावर बेततो.

म्हणून पेंटरचा बेत धोक्याचा. कोरडं खरवडलं की भिंतीवर बसलेले बीजाणू घरभर उडतात. वरून पुट्टी मारली तरी आतली ओल तशीच राहते आणि बुरशी पुन्हा वर येते. ब्लीचने डाग फिका पडतो, पण सच्छिद्र प्लास्टरच्या आत ते पोचत नाही. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा दुसरं क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. तपासणीवर पैसे घालवू नका, कुठलीही निघाली तरी करायचं तेच आहे.

सध्या ती खोली बंद ठेवा, दाराच्या फटी टेपने बुजवा. गोधड्या आणि प्लायचं कपाट पिशव्यांत गुंडाळून बाहेर काढा. हे काम धडधाकट माणसाने एन९५ घालून करावं. आईला दुसरी, कोरडी खोली द्या. आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. त्या खोलीत कूलर लावू नका आणि कपडे वाळत घालू नका. हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर मदत करतो, पण तो भिंतीची ओल काढत नाही.

डॉक्टरांना हे विचारा: बुरशीविरोधी गोळी (पोसाकोनाझोल वगैरे) चालू आहे का? ती स्वतःहून सुरू किंवा बंद करायची नाही, बाकीच्या औषधांचा परिणाम ती बदलू शकते. आणि १००.४ फॅरनहाइट ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं, थुंकीत रक्त, गालावर सूज किंवा नाकातून काळपट स्राव यांपैकी काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नका.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. बाबांना हा धागा वाचून दाखवला, पेंटरला नाही म्हणून कळवलंय. मावशीचं ठाण्याचं घर कोरडं आहे, आई तिकडेच जाईल. भिंतीचं काम दिवाळीनंतर, आई घरात नसतानाच. आता एकच विचारायचंय: मावशीकडे पावसाळ्यापुरता डिह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) ठाण्यात कुठे भाड्याने मिळतो का? कोणी घेतला असेल तर कृपया सांगा.