फ्रेंच गाड्या: नुसता नखरा?

रसिक_सासवड: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "फ्रेंच गाडी म्हणजे नखरा, खरं इंजिनिअरिंग जर्मनांचं." डोकंच फिरलं. १९५५ ची सित्रोएन डीएस बघा. लोखंडी स्प्रिंगच्या जागी तेल आणि नायट्रोजन, त्याच तेलाच्या दाबावर ब्रेक आणि स्टिअरिंगही. १९६२ साली पॅरिसजवळ फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्यावर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी ड्रायव्हरने डीएस पळवलीच. पुढे रोल्स-रॉइसने परवाना घेऊन या तंत्राचा काही भाग आपल्या सिल्व्हर शॅडोत घातला. ते काय नखरा विकत घेत होते?

नटबोल्ट: रोल्सवाले आणखी काय विकत घेतात? सुरुवातीच्या डीएसमधलं तेल हवेतली ओल शोषायचं, आतून गंज. हिरवं खनिज तेल आलं ते दहाएक वर्षांनी. तोवर गिऱ्हाइकावरच प्रयोग.

रसिक_सासवड: मग सित्रोएनचीच छोटी टूसीव्ही घ्या. नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली न फुटता गेली पाहिजे, ही अट. रस्ते खराब आणि कर इंजिनाच्या आकारावर, म्हणून ३७५ सीसीचं इंजिन आणि मऊ सस्पेन्शन. रेनॉ ४ मध्ये तर मागचे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळ्या) एकापुढे एक आडवे, त्यामुळे डावीकडचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) वेगळा, उजवीकडचा वेगळा! जर्मनांनी केलं असतं?

नटबोल्ट: नसतं केलं. त्यांच्याकडे मोजपट्टी असते.

जीपवाला_अकोले: अरे, महिंद्राची जीप विसरलात की काय सगळे? तिचं डिझेल इंजिन प्यूजोच्या परवान्याचं. आमच्या आप्पांनी टपावर माणसं बसवून घाट चढवलाय. तुमची जर्मन गाडी आणा की वर.

नटबोल्ट: इंजिन फ्रेंच, पण पार्ट तालुक्याला मिळायचे. त्याचं श्रेय महिंद्राचं. मी घेतलेल्या फ्रेंच गाडीचं (कंपनीचं नाव घेत नाही) दाराचं आतलं हँडल तुटलं, तोवर डीलर दुकान बंद करून गेला होता. विकेपर्यंत काच खाली करून बाहेरूनच दार उघडायचो.

जीपवाला_अकोले: डीलर पळाला यात इंजिनाचा काय दोष? आप्पा कधी हँडलला रडले नाहीत. जीपला दारंच नव्हती.

मीनल_लियाँ: सासवडकर, इथे फ्रान्समध्ये राहून सांगते, ते तेल-नायट्रोजन सित्रोएननेच कधीच सोडून दिलं. २०२१ पासून प्यूजो, सित्रोएन, ओपेल, फियाट एकाच घरात, खालचा सांगाडाही बऱ्याचदा एकच. तुम्ही भांडताय ते आजोबांच्या जिवावर.

रसिक_सासवड: बरं बाई, आजच्या गाड्यांपुरतं मान्य. पण नटबोल्टच्या हँडलवरून टूसीव्हीला नावं ठेवू देणार नाही.

नटबोल्ट: टूसीव्ही चांगली. घ्या, दिली एक. आता तिचं हँडल आणून दाखवा.

जीपवाला_अकोले: चालू द्या तुमचं. जीपच्या प्यूजो इंजिनाचा जुना डिझेल पंप कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.