‘कॉयर’ला मराठीत काय म्हणायचं?

फोंड्याहून विचारतोय. शाळेत नववी-दहावीच्या मुलांना ‘सिस्टर अ‍ॅक्ट २’ (१९९३) दाखवणार आहोत. सान फ्रान्सिस्कोतली बंद पडायला आलेली कॅथलिक शाळा, उनाड मुलं आणि त्यांचा कॉयर (choir), म्हणजे एकत्र गाणारा गट. परिचयाच्या कागदावर मी ‘शाळेचा कॉयर मोडकळीला आला होता’ असं लिहिलं, तर आमच्या शिपायाने निरागसपणे विचारलं, ‘सर, काथ्याच्या गाद्यांचा पिक्चर?’ चूक त्याची नाही. काथ्याचं कॉयर (coir) आपण असंच लिहितो. ‘समूहगान’ चालेल का?

— समूहगान नको. पंधरा ऑगस्टला दोनशे मुलं एकच चाल एका सुरात म्हणतात, ते समूहगान. कॉयरमध्ये सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गातात. मी मडगावची, शेजारच्या चर्चमधला सराव भिंतीतून ऐकत वाढले. नुसता आल्टो ऐकला तर गाणं ओळखूही येत नाही! ‘कोरस’ही नको. सिनेमाच्या गाण्यांमुळे आपल्याकडे कोरस म्हणजे मुख्य गायकाच्या मागचे. त्या कोरसला आणि वाद्यांना चर्चच्या शाळांत सोल्फा (पाश्चात्त्य सरगम) शिकलेल्या गोंयकारांनीच तर वळण लावलं. हिंदी सिनेमाचे संगीत-संयोजक सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस आठवा.

— आपल्याकडे ‘झील’ आहे की! शाहिराच्या मागे झीलकरी झील धरतात. भजनात धृपद धरतात. तुकोबाच म्हणतात, ‘गाती पुढें त्याचें धरावें धृपद’.

— शब्द सुंदर, पण दोन्हीकडे पुढे गाणारा एक असतो आणि बाकीचे त्याला उचलून धरतात. कॉयरमध्ये सहसा पुढे कुणीच नसतं. समोर उभा असतो तो शिकवणारा, आणि तो गात नाही. (पूर्वी गोव्यात त्याला मेस्त्र म्हणत. आपला भिंत बांधणारा मेस्त्रीही त्याच पोर्तुगीज शब्दातून आला. दोघेही चार कोपरे जुळवतात म्हणा.)

— ‘वाद्यवृंद’ रुळला ना? मग ‘गायकवृंद’ का नाही? आणि उच्चाराप्रमाणे ‘क्वायर’ लिहा, गाद्यांची भानगड मिटेल.

— मूळ विचारणारा: पटलं. पहिल्यांदा ‘गायकवृंद’, पुढे सगळीकडे ‘क्वायर’. वृंद पुल्लिंगी, म्हणून ‘तो क्वायर’. झीलही वाया घालवत नाही. परिचयात वाक्य टाकलंय: ‘ही मुलं आधी एकमेकांची झील धरायलाही तयार नसतात.’ शिपायाला वाचून दाखवलं. म्हणाला, ‘आता समजलं. आमच्या आरतीसारखं, प्रत्येक जण आपल्याच पट्टीत.’