ह्यूस्टन ते न्यू ऑर्लीन्स: आय-टेनवरचा तो लांब पूल

ऋतुजा_ह्यूस्टन:
पुढच्या शनिवारी आई-बाबांना घेऊन न्यू ऑर्लीन्सला निघतेय, गाडी मीच चालवणार. लुइझियानात आय-टेन महामार्ग दलदलीवरून मैलोन् मैल पुलावरूनच जातो म्हणे. बाबांना दर दीड तासाने थांबावं लागतं. पुलावर अडकलो तर काय करायचं? आणि बॅटन रूजला आय-ट्वेल्व्ह फुटतो, तो घ्यायचा का?

मिसिसिपीकाठचा:
ताई, मी बॅटन रूजला नऊ वर्षं काढली, लाफायेटला महिन्यातून दोनदा तरी जाणं असायचं. तो पूल अचॅफलायाच्या खोऱ्यावरचा, १८ मैलांहून थोडा जास्त, १९७३ पासून सुरू आहे. मध्ये उतरायला दोनच जागा, ब्युट ला रोज (एक्झिट १२१) आणि व्हिस्की बे (१२७). बाबांसाठी १२१ च धरा, तिथे वेलकम सेंटर आहे. एक्झिटचे आकडे म्हणजे टेक्सासच्या हद्दीपासूनचे मैल, त्यामुळे हिशेब सोपा जातो. ब्यूमाँटला एकदा थांबा, मग लेक चार्ल्स (३० च्या आसपास), मग थेट १२१.

पुलावर वेगमर्यादा ६० आहे, ट्रकना ५५ आणि उजवी लेन. घाई अजिबात नको. एकदा पुढे अपघात झाला आणि आम्ही तासभर जागच्या जागी उभे होतो. इंजिन बंद करून काचा खाली घेतल्या. जाणारा आणि येणारा असे दोन पूल शेजारी शेजारी आहेत, मध्ये पाणी. सायप्रसच्या एका बुंध्यावर पांढरा बगळा उभा होता, तासभरात तो दोनदाच हलला. त्याआधी शंभर वेळा तिथून गेलो असेन, पण खाली पाहिलंच नव्हतं. म्हणून सांगतो, पाणी आणि खायचं जवळ ठेवा, गाडीची टाकी पुलाआधी लाफायेटलाच भरा.

बॅटन रूजला मिसिसिपीवरचा पूल उतरताना मी नेहमी गर्दीत सापडायचो. संध्याकाळी चारनंतर तिथे पोहोचू नका.

स्लायडेलकर:
आय-ट्वेल्व्ह नको. तो पाँचरट्रेन सरोवराच्या उत्तरेने येऊन आमच्याकडे स्लायडेलला परत आय-टेनला मिळतो. न्यू ऑर्लीन्स टाळून पुढे मिसिसिपी राज्यात जाणाऱ्यांना सोयीचा. तुम्ही आय-टेनच धरून राहा.

शहरात शिरल्यावर क्लेबोर्न अव्हेन्यूवरून जाल, तिथे एकदा खाली उतरून बघाच. अव्हेन्यूच्या वरून पुलावर जाणारा हा आय-टेन बांधायला १९६६ मध्ये ट्रेमेतल्या ओकच्या रांगा तोडल्या. काळ्या समाजाची ती जुनी वस्ती, त्याच झाडांच्या सावलीत सण व्हायचे. आता पुलाच्या खांबांवर ओकची झाडं रंगवलेली आहेत. मला तिथून जाताना दर वेळी राग येतो.

ऋतुजा_ह्यूस्टन:
दोघांचेही मनापासून आभार. पहाटे सहालाच निघू. बाबांनी १२१ कागदावर लिहून खिशात ठेवलंय, आणि क्लेबोर्नला थांबायचंच, असं आई म्हणतेय.